स्नूकर कोणी दाखवतच नाही, मग व्हीपीएन लावून बघितलं तर चोरी कशी?

निळा_खडू (धागाकर्ता)

शेफील्डच्या क्रूसिबल थिएटरमध्ये एप्रिल-मे महिन्यात सतरा दिवस जागतिक स्नूकर स्पर्धा चालते. १९७७ पासून तिथेच. तिथलं संध्याकाळचं सेशन सातला, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. जागायची तयारी आहे, पण बघायचं कुठे?

ब्रिटनमध्ये बीबीसी आहे, पैसे भरून बघायची टीएनटी स्पोर्ट्स आहे. चीनमध्ये तर हा घराघरांतला खेळ. २०२५ ला झाओ शिनतोंगने मार्क विल्यम्सला १८-१२ हरवलं आणि पहिला चिनी जगज्जेता झाला. जिथे कोणीच प्रक्षेपणाचे हक्क घेतलेले नाहीत तिथल्या लोकांसाठी वर्ल्ड स्नूकर टूरने (व्यावसायिक स्पर्धा भरवणारी संस्था) २०२४ मध्ये डब्ल्यूएसटी प्ले ही स्वतःची सेवा काढली. छान केलं. पण कोणती स्पर्धा कुठल्या देशात दिसणार हे दर वेळी बदलतं, आणि खरी गोची मधल्या देशांची होते: हक्क कागदावर कोणीतरी घेतलेले असतात, म्हणून टूरची सेवा तिथे बंद, आणि ज्याने घेतले तो त्या वेळेला भलतंच काहीतरी दाखवत बसतो.

अशा वेळी मी व्हीपीएनचे (आपण दुसऱ्या देशात आहोत असं दाखवणाऱ्या सेवेचे) पैसे भरतो, परदेशी सेवेचेही भरतो आणि बघतो. फुकट्या लिंका शोधणाऱ्यांची बाजू मी घेत नाही. पण दोन ठिकाणी पैसे मोजणाऱ्याला चोर म्हणणं मला पटत नाही. तुमचं मत?

अर्धा_वकील

मत कडू आहे, चालेल ना?

हक्क विकत घेऊन न दाखवणं हाही विकत घेणाऱ्याचा हक्कच आहे. तुम्हाला राग येतो, मलाही येतो, पण त्याने करार रद्द होत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३७ प्रसारणाबद्दल आहे. परवानगीशिवाय पुनःप्रसारण, पैसे घेऊन लोकांना दाखवणं, रेकॉर्डिंग करणं या गोष्टी त्यात येतात. घरात एकट्याने बघणं त्या यादीत नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. व्हीपीएन वापरण्यावरही आपल्याकडे बंदी नाही. पण तुम्ही त्या परदेशी सेवेच्या अटी मान्य करून, मी अमुक देशात आहे असं खोटं सांगून आत शिरलात. पोलीस येणार नाहीत, खातं मात्र बंद होऊ शकतं. आणि तेव्हा तक्रार करायला तोंड नसेल.

निळा_खडू

वकीलसाहेब, पोर्ट्समथच्या कॅरेन मर्फी आठवतात? पबची मालकीण. ब्रिटिश वाहिनी महाग पडते म्हणून ग्रीसचं डिकोडर कार्ड आणून प्रीमियर लीगचे सामने दाखवायच्या. खटला थेट युरोपीय न्यायालयात गेला आणि २०११ ला निकाल लागला: दुसऱ्या सदस्य देशातलं, पैसे भरून घेतलेलं कार्ड वापरण्यावर सरसकट बंदी घालता येणार नाही. २०१२ ला त्यांची शिक्षा रद्द झाली. त्यांनीही पैसे भरले होते. मीही भरतोय.

अर्धा_वकील

अर्धाच निकाल वाचलात. ते सगळं युरोपच्या एका सामाईक बाजारपेठेच्या नियमांवर उभं होतं. पुणे आणि शेफील्ड एका बाजारपेठेत कधी आले? शिवाय त्याच न्यायालयाने हेही म्हटलं की सामना ही कुणाची कलाकृती नसली तरी सुरुवातीची चित्रफीत, गीत, पडद्यावरचे ग्राफिक्स यांना कॉपीराइट आहे. मर्फीबाईंना सुटका मिळाली, म्हणून सगळ्या जगाला पास मिळाला असं नाही.

मिडलंड्सचा_माणूस

मी मूळचा साताऱ्याचा, गेली बरीच वर्षं इंग्लंडात. धागाकर्ते, एक विचारतो. "परदेशी सेवेचे पैसे भरतो" म्हणालात, ती सेवा कोणती? कारण क्रूसिबल म्हटलं की इथे लोक बघतात ते बीबीसी, आणि आयप्लेअरला, म्हणजे बीबीसीच्या ऑनलाइन सेवेला, सबस्क्रिप्शन नसतं. आम्ही वर्षाचा टीव्ही लायसन्स भरतो, २०२५ च्या एप्रिलमध्ये तो १७४.५० पौंड होता. बाहेरच्याला तो पडदा विचारतो, "तुमच्याकडे टीव्ही लायसन्स आहे का?" आणि तो "हो" दाबून मोकळा होतो. तिथे तुमचा पैसे भरण्याचा मुद्दाच उरत नाही. फक्त व्हीपीएन कंपनीला पैसे मिळाले, स्नूकरला छदाम नाही.

टीएनटीचं पॅकेज घेऊन बघत असाल तर गोष्ट थोडी वेगळी, मान्य.

लांब_रेस्ट

इथे सगळे कायदा बोलताहेत, खेळाचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. मी मुंबईत खेळतो, क्लब पातळीवर. "हायलाइट्स बघा की, सगळं फुकट आहे" हे मला नेहमी ऐकवलं जातं. हायलाइट्समध्ये काय असतं? लाँग पॉट, सेंच्युरी ब्रेक (एका दमात शंभर गुण), हात मिळवणं. रॉनी ओ'सलिव्हनचा १९९७ चा पाच मिनिटं आठ सेकंदांचा १४७ गुणांचा ब्रेक मी किती वेळा बघितला असेल, पण त्यातून मला सेफ्टी, म्हणजे समोरच्याला सोपा फटका मिळू न देणं, शिकता आली नाही. सेफ्टीची देवाणघेवाण वीस मिनिटं चालते. पांढरा चेंडू बॉल्क कुशनला (टेबलाच्या सुरुवातीच्या टोकाच्या कडेला) चिकटवायचा, समोरच्याने तो तसाच परत द्यायचा, लाल चेंडू उघडायचे की झाकायचे यावर दोघं डोकं लावत बसायचे. संकलन करणारा सगळ्यात आधी तेच कापतो. थेट बघणं हाच इथे अभ्यास आहे.

आणि खेळाडू नाहीत असंही नाही. आपला आदित्य मेहता २०१३ च्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत डिंग जुनहुईसमोर होता. मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा २०२४ मध्ये इंग्लिश ओपनच्या उपांत्य फेरीत गेला. फुटकळ स्पर्धा नव्हत्या त्या, रँकिंग स्पर्धा होत्या. इशप्रीतची मॅच मुंबईकराने बघायची तर त्याने काय करावं, हे वकीलकाकांनी सांगावं. करार वगैरे नंतर.

अर्धा_वकील

काका म्हणालात, चालेल.

स्कोअर फॉलो करा, टूरची सेवा आपल्याकडे त्या स्पर्धेसाठी उघडी असेल तर तिचे पैसे भरा, नसेल तर त्या दिवशी बघू नका. ऐकायला निर्दयी वाटेल. पण तुम्ही व्हीपीएनने इंग्लंडचे होऊन बघता तेव्हा प्रेक्षक इंग्लंडच्या खात्यात मोजला जातो. पुढच्या वेळी हक्कांची बोली लागते तेव्हा इथला खरेदीदार म्हणतो, भारतात बघतं कोण? आणि तो पुरावा तुम्हीच तयार करून दिलेला असतो.

निळा_खडू

हे मात्र उलटं झालं. मागणी मोजायची तर आधी दुकानाचं शटर वर करा. बंद शटरसमोर उभ्या माणसांची मोजणी कोण करतं?

दुबईकर

गल्फमधल्यांनी हा धागा वाचून उत्साहात येऊ नये. यूएईत २०२१ चा सायबर कायदा आहे. गुन्हा करण्यासाठी किंवा लपवण्यासाठी व्हीपीएनने आयपी पत्ता बदलला तर दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो, तुरुंगही आहे. स्नूकर बघितल्याबद्दल कोणाला धरल्याचं मी तरी ऐकलेलं नाही, पण मी ते करून बघणार नाही. माझ्या व्हिसावर बायको-मुलं आहेत.

गल्लीतला_चिकट

मी फुकट्या लिंकवाला, सगळे शिव्या घाला. दर वर्षी वेगळी वाहिनी, वेगळं ॲप, वेगळा पॅक. कोण भरणार? लिंक उघडली, तीन खिडक्या बंद केल्या, चालू.

लांब_रेस्ट

त्या तीन खिडक्या कशाच्या असतात ते बघितलंस का दादा? बहुतेक सट्ट्याच्या. मॅच चालू असताना पुढची फ्रेम (डाव) कोण जिंकेल यावर पैसे लावायला बोलावतात. आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळच बंद केलेत. आणि सट्ट्याने स्नूकरचं किती वाटोळं केलंय हे वेगळं सांगायला नको: २०२३ ला मॅच फिक्सिंगच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली, त्यातले दोघे आजन्म. गंमत म्हणजे झाओ त्या दहांत होता, वीस महिने बाहेर बसला, परतला आणि जगज्जेता झाला. तर त्या खिडक्या बंद करून "चालू" म्हणू नकोस.

खडूभाऊ, तुमच्या बाजूने इतकंच म्हणेन, टूरने अर्ध्या देशांना कुलूप लावायचं सोडून एका स्पर्धेचं तिकीट विकावं. मी आज घेईन.

मिडलंड्सचा_माणूस

तिकिटाला माझाही पाठिंबा. पण मी विचारलेलं राहूनच गेलं. टीएनटी की आयप्लेअर?

निळा_खडू

छोट्या स्पर्धा पैसे भरून. क्रूसिबल आयप्लेअरवर. लायसन्सच्या प्रश्नाला "हो" दाबतो, लपवत नाही. तुमच्याकडे परदेशस्थांसाठी लायसन्स विकत असतील तर तोही घेतो, विकत नाहीत.

अर्धा_वकील

म्हणजे क्रूसिबलचे पैसे भरत नाही. धाग्याच्या पहिल्या परिच्छेदातली स्पर्धा तीच होती. बरं, खातं उघडताना देश कुठला लिहिलात?

निळा_खडू

देश कुठे, ते पोस्टकोड विचारतात.

मिडलंड्सचा_माणूस

आणि तो कोणाच्या घराचा टाकलात?