आठ तारांच्या लॅप स्टीलवर कोणतं ट्यूनिंग?

प्रश्न: सहा तारांच्या लॅप स्टीलवर (मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटार) सी-६ ट्यूनिंग (जाड तारेपासून सूर सी-ई-जी-ए-सी-ई) हाताला पक्कं बसलंय. आता ८ तारा, स्केल (तारेची वाजणारी लांबी) २२.५ इंच. वाढीव दोन तारा कोणत्या सुरात लावू?

उत्तर १: खाली (जाड बाजूला) ए, वर (बारीक बाजूला) जी. ओळखीच्या सहाही तारा मधोमध तशाच राहतात आणि खालच्या चारांत ए मायनर सेव्हन कॉर्ड (ए-सी-ई-जी) आयता मिळतो. जीला ०.०१२ इंच जाडीची तार लावा.

उत्तर २: २६ इंची स्केलवर मात्र हा जी तुटायला टेकलेला असतो. तिथे बारीक तार लावून उपयोग नाही. ताण कमी होतो तसं तारेचं बळही घटतं. तुमच्या २२.५ वर तुटलीच, तर ब्रिजची (तारा जिथे टेकतात त्या पट्टीची) खाच बोटाने चाचपा, धार लागेल.

उत्तर ३: कंट्री संगीतासाठी ई-१३ ट्यूनिंग सुंदर, जाड तारेपासून: बी-डी-एफ शार्प-जी शार्प-बी-सी शार्प-ई-जी शार्प. साध्या मेजर कॉर्डमध्ये खालचा डी खुपतो, तेव्हा वरच्या पाच तारांवरच राहा.