मदत हवी आहे: पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या औषधशोध कार्यशाळेत 'रेणू पुढे न्यावा की सोडावा' याचा सराव कसा घ्यावा?

नमस्कार.

दिवाळीनंतर रत्नागिरीत आमच्या औषधशोध नेटवर्कमधील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांची निवासी कार्यशाळा होणार असून तिच्यातील प्रात्यक्षिकांची आखणी माझ्याकडे आहे. येणाऱ्यांपैकी कोणी सेंद्रिय रसायनशास्त्राचे, कोणी जीवशास्त्राचे, तर कोणी केवळ संगणकावर डॉकिंग (रेणू प्रथिनात कसा बसेल याचा अंदाज) करणारे आहेत. आपापल्या कामात ही मुले तयार आहेत; पण हाती आलेला रेणू पुढे न्यावा की इथेच थांबावे, हे तिघांनी एकत्र बसून ठरवण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते. माझ्या मते औषधशोधाचे खरे शिक्षण याच निर्णयात आहे, आणि त्याबद्दलच मला जाणकारांचा सल्ला हवा आहे.

सुरुवात ओळखीच्या वनस्पतींपासून करावी असा विचार आहे. हळदीतील कुर्क्युमिन असंख्य चाचण्यांत 'सक्रिय' दिसते, परंतु ते स्वतः प्रकाशमान असल्यामुळे मोजणीत ढवळाढवळ करते, प्रथिनांशी अभिक्रिया करते आणि शरीरातील सामू असलेल्या द्रावणात फार काळ टिकत नाही. २०१७ साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'मधील लेखात याबद्दल स्पष्ट इशारा दिला गेला. याउलट कर्करोगाच्या पेशींवर चालणाऱ्या कॅम्प्टोथेसिनचे. १९६६ मध्ये ते एका चिनी झाडातून वेगळे केले गेले, आणि आपल्या सह्याद्रीतील नरक्या या झाडातही ते सापडते (त्यापायीच नरक्याची चोरटी तोड होते, हे इथल्या लोकांना सांगायला नको). ते पाण्यात विरघळत नाही म्हणून त्याचा सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा मूत्राशयावर गंभीर दुष्परिणाम दिसले आणि काम थांबले. १९८५ मध्ये टोपोआयसोमरेज-१ (डीएनएचा पीळ सोडवणारे विकर, म्हणजे एन्झाइम) हे त्याचे लक्ष्य कळले, रचनेत बदल झाले, आणि १९९६ मध्ये टोपोटेकॅन व आयरिनोटेकॅन या त्यापासून बनलेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. १९७० च्या दशकातील कागद हाती असताना तुम्ही काय ठरवले असते, हा प्रश्न मला मुलांसमोर ठेवायचा आहे.

त्यानंतरच्या सरावासाठी मात्र मी अडलो आहे. जीएसके या औषध कंपनीने २०१० मध्ये हिवतापाच्या परजीवीवर चालणाऱ्या १३,५३३ रेणूंची माहिती खुली केली. त्यातून पंचवीस-तीस रेणू निवडून मिश्र गटांना द्यावेत, प्रत्येक गटाने त्यांतले तीनच ठेवावेत आणि बाकीचे का सोडले हे लिहून द्यावे, अशी कल्पना आहे. लिपिन्स्कीच्या नियमांची (रेणुभार ५०० पर्यंत, मेदप्रियता मर्यादित, असे तोंडाने घ्यायच्या औषधांसाठीचे ठोकताळे) चाळणी डोळे मिटून लावू नये म्हणून ल्युमेफॅन्ट्रिनचे उदाहरण घेणार आहे: त्याचा रेणुभार ५०० च्या वर आणि मेदप्रियताही भरपूर, तरी हिवतापावर ते जगभर वापरले जाते. परंतु निवडलेल्या रेणूंत फसवे, म्हणजे चाचणीत खोटेच सक्रिय दिसणारे, रेणू किती मिसळावेत, याचा मला अंदाज येत नाही.

दुसरी गरज अधिक नेमकी आहे. काही रेणू द्रावणात गोळे करून बसतात आणि विकराला अडकवतात, त्यामुळे ते निरोधक असल्याचा भास होतो; ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घातले की तो निरोध बहुतेक नाहीसा होतो. डिटर्जंटसह आणि डिटर्जंटविना घेतलेल्या अशा चाचणीची चाचणीच्या प्लेटमधील प्रत्येक खळग्याची कच्ची आकडेवारी कोणाकडे असेल, आणि ती शिकवण्यासाठी देता येत असेल, तर कृपया कळवावे. मुलांनी दोन्ही आलेख स्वतः काढून आयसी-५० (निम्मा निरोध घडवणारी मात्रा) सरकताना पाहावा, तयार आकृती पाहू नये, एवढाच हेतू आहे. कार्यशाळेच्या ठिकाणी इंटरनेटचा भरवसा नसल्याने सर्व फायली पेन ड्राइव्हवर द्याव्या लागतील. त्यामुळे साध्या स्प्रेडशीटमधील आकडे सर्वांत सोयीचे.

शेवटचा प्रश्न मूल्यमापनाचा. इथे एकच बरोबर उत्तर नसते, मग गटांच्या निर्णयांना गुण कशावर द्यावेत? ज्यांनी असा सराव घेतला असेल किंवा औषध कंपनीतील प्रकल्प-आढावा बैठकींत भाग घेतला असेल, त्यांनी तिथे कोणते प्रश्न हटकून विचारले जातात हे लिहिले तरी मोठी मदत होईल.