बी विंगमधलं रात्रीचं टीं-टीं

बी-४०४: नमस्कार, काल परत रात्री अडीचला सुरू झालं. दर मिनिटाला एक टीं. ४०३, तुमच्या चोर-अलार्मचा कीपॅड आमच्या बेडरूमच्या भिंतीला आहे हे मागच्या वेळीही सांगून झालंय. मुलीची परीक्षा चालू आहे, कृपया काहीतरी करा

बी-४०३ काकू: अगं मलाही झोप नाहीये. कोड टाकला की गप्प बसतो आणि तासा-दोन तासांनी परत. त्यात ५ चं बटण चार-चारदा दाबावं लागतं. हे बाहेरगावी आहेत, तेच सगळं बघतात

ए-१०२ काका: बॅटरीची तारीख बघा

बी-२०१: नवीन कीपॅड बसवा काकू, विषय संपला

सी-३०५: ४०४ ला आता अभ्यासाला उठायला गजर नको 😀

बी-४०४: तुमच्या भिंतीला असता तर हसला असतात का?

सी-३०५: सॉरी, गंमत केली

ए-१०२ काका: वायरवाल्या कीपॅडमध्ये बॅटरी नसते. ती पॅनेलच्या, म्हणजे अलार्मच्या मुख्य पेटीत असते, काळी जड १२ व्होल्टची, साधारण ३ ते ५ वर्षं टिकते. परवा वीज गेली होती तेव्हा ती पूर्ण उतरली असणार. टीं-टीं तिचं आहे. बॅटरीची तारीख बघा

बी-४०३ काकू: पण मग ५ का चालत नाही? आमचा कोड

बी-४०३ काकू: हा मेसेज डिलीट करण्यात आला

सेक्रेटरी: काकू!! कोड ग्रुपवर टाकायचा नाही. ज्यांनी वाचला त्यांनी वाचला, आजच बदला

बी-४०३ काकू: घाईत झालं हो

ए-१०२ काका: ५ चं वेगळं दुखणं. एकच बटण अडलं तर खालचा रबर झिजलाय नाहीतर मळ बसलाय. २, ५, ८, ० असा उभा पट्टाच मेला असता तर आतली लाइन तुटली म्हटलं असतं. आणि कोडची चारच बटणं गुळगुळीत झाली असतील तर अनोळखी माणसाला २४ जुळण्याच करून बघायच्या असतात, त्यामुळे नवीन कोडात दुसरे आकडे घ्या

बी-२०१: मग उचकटून साफ करू, येतो मी संध्याकाळी

ए-१०२ काका: नुसता उचकटू नका, मागे टॅम्पर स्विच असतो, कोणी उघडलं की त्याला कळतं, सायरन वाजेल. आधी पॅनेलचा प्लग, मग बॅटरीची वायर, दोन्ही काढा. पण त्याच्या आधी बॅटरीची तारीख बघा

सी-३०५: काका तेच तेच किती वेळा

ए-१०२ काका: कोणी बघेपर्यंत

बी-३०१: इथे रोज एकाच फ्लॅटचं चाललंय, गेटचा दिवा महिनाभर बंद आहे त्यावर मात्र कोणी बोलत नाही

सेक्रेटरी: तो मुद्दा मीटिंगमध्ये घेऊ

बी-३०१: मागच्या मीटिंगमध्येही घेतला होता

बी-२०१: काकूंकडे आलोय. मीटर लावला, १३.६ दाखवतंय, बॅटरी ठणठणीत आहे. काका, कीपॅडच गेलाय

ए-१०२ काका: प्लग चालू ठेवून मोजलंत ना? तो चार्जिंगचा आकडा. प्लग काढा, पाच मिनिटं थांबा, मग मोजा

बी-२०१: ९.८

बी-२०१: आणि वर बसवणाऱ्याने पेनने लिहिलेली तारीख आहे, सहा वर्षं झाली

ए-१०२ काका: १२ च्या खाली म्हणजे रिकामी, १०.५ च्याही खाली गेली ती बहुतेक परत भरत नाही. बदला. जुनी कचऱ्यात टाकू नका, आत शिसं आणि ॲसिड असतं, नवीन देणाऱ्यालाच परत द्या

बी-४०३ काकू: नवीन बसवली. बंद असतानाच ५ च्या खालचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाळवला, पहिल्या दाबात लागतंय. कोडही बदलला, सांगणार नाही 🙏 दादा, काका, खूप आभार

बी-४०४: काकू थँक्यू. सकाळी जरा तोडून बोलले

बी-४०३ काकू: अगं चालायचंच, पोरीला पेपर चांगला जाऊ दे

बी-३०१: गेटचा दिवा?