डोंगरभटकीसाठी सॅक एकच असावी की दोन?

रानवाट

पावसाळा तोंडावर आला की आमच्या ग्रुपमध्ये नव्या मंडळींचा एक प्रश्न हमखास येतो: "एक दिवसाच्या ट्रेकला वेगळी आणि रेंज ट्रेकला (म्हणजे मुक्काम करत एका गडावरून दुसऱ्या गडावर जाण्याला) वेगळी सॅक लागते का?" बहुतेक जण सरळ सांगतात, दोन घ्या. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत असं: सह्याद्रीत नेमाने भटकणाऱ्याला आणि अधूनमधून हिमालयात जाणाऱ्याला ४५ ते ५० लिटरची एक सॅक पुरते. ती पाठीला बरोबर बसली पाहिजे आणि तिचा कमरपट्टा नावापुरता नसावा, एवढीच अट.

हिशेब मांडतो. एप्रिलमधला तोरणा ते राजगड घ्या. दोन्ही गडांवर टाकी आहेत, पण बुधला माचीवरून उतरल्यापासून अळू दरवाजापर्यंतच्या धारेवर त्या दिवसांत पाण्याचा भरवसा नाही. म्हणून माणशी चार लिटर पाणी, म्हणजे चार किलो. स्लीपिंग बॅग सव्वा किलो, मॅट अर्धा किलो, वाटून आलेला शिधा दोन किलो, स्टोव्ह आणि टोप एक किलो, कपडे दीड किलो, रिकामी सॅक पावणेदोन किलो. सगळं मिळून बारा किलोच्या घरात जातं. आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं पाठीवर नको असं सर्वसाधारणपणे मानतात, त्यामुळे साठ किलोच्या माणसाला बारा किलो ही वरची हद्द झाली. एवढं सामान ४५ लिटरमध्ये व्यवस्थित मावतं. ६५ लिटरची सॅक घेऊन तुम्ही भरणार काय?

आणि एक दिवसाच्या ट्रेकला तीच सॅक दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आवळून चपटी करायची. जुलैमध्ये हरिश्चंद्रगडाला जाताना कोरडे कपडे, डबा, पाणी, औषधांची पेटी, हेडलॅम्प आणि ग्रुपचा दोर घेतला तर २० लिटरची पिशवी तशीही पुरत नाही.

आता निवड कशी करायची ते. मान पुढे झुकवली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथून कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणाऱ्या रेषेपर्यंत शिवणाच्या टेपने माप घ्या. ही तुमच्या पाठीची लांबी, आणि सॅकचा साइज तिच्यावर ठरतो, उंचीवर नाही. मग दुकानात सॅकमध्ये आठ-दहा किलो वजन टाकायला लावा. आधी कमरपट्टा हाडांवर घट्ट करा, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणाऱ्या छोट्या पट्ट्या, शेवटी छातीची पट्टी. खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकलं तर ओझं कमरेवर उतरलं असं समजा. पंधरा मिनिटं दुकानात फिरा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

कातळकडा

रानवाट, मापाबद्दल लिहिलंय ते पूर्ण मान्य. "एकच सॅक" हे मात्र अजिबात मान्य नाही.

तुम्ही मोकळ्या धारेवरच्या चालीचा हिशेब केलात. अलंग-मदन-कुलंग या तीन गडांच्या ट्रेकला या. मदनच्या कातळटप्प्यावर ४५ लिटरची भरलेली सॅक माणसाला मागे ओढते. त्याहून वाईट म्हणजे सॅकचं टोपण हेल्मेटला मागून टेकतं. मान वर करून पुढची खाच बघायला जावं तर हेल्मेट पुढे डोळ्यांवर येतं. ज्याने हे भोगलंय त्याला लिटरचा हिशेब सांगू नका. भीमाशंकरच्या शिडी घाटातही हाच त्रास, शिडीवर वर बघताच येत नाही.

पट्ट्या आवळून सॅक चपटी होते, पण आखूड होत नाही. पाठीची फ्रेम तेवढीच उंच राहते. कारवीच्या झुडपांत वाकून घुसायची वेळ आली की प्रत्येक फांदी तिच्यात अडकते, आणि बाजूला मॅट बांधली असेल तर विचारूच नका.

दुसरं, सॅकमध्ये जागा दिसली की सामान वाढतं. एक दिवसाच्या ट्रेकला लोक तीन टी-शर्ट आणि पॉवर बँकच्या जोड्या घेऊन येतात आणि निम्म्या चढावर सॅक दुसऱ्याकडे देतात. २५-२८ लिटरची पिशवी असली की माणूस घरीच विचार करून भरतो.

माझं ठाम मत आहे: एक २८ ची, एक ५५ ची.

सोनकी

तुम्हा दोघांच्या वादात एक गोष्ट राहून जातेय. माझ्या पाठीची लांबी ४० सेंटिमीटर आहे. दुकानांत "सगळ्यांना बसणारी" म्हणून जी सॅक मिळते तिचा कमरपट्टा माझ्या पोटाच्या खाली सरकतो आणि चढावर मांडी उचलली की बक्कल टोचतं. खांद्याचे पट्टे खांद्यावर टेकतच नाहीत, मागे पोकळी राहते, म्हणजे सगळं ओझं मागे लोंबणार. छातीची पट्टी नको तिथे येते ते वेगळंच. बुटक्या पुरुषांनाही हे सगळं सोसावं लागतं, ते बोलत नाहीत एवढंच.

मला बसणारी सॅक मिळायला खूप शोधावं लागलं. पाठीचा भाग वर-खाली सरकवता येतो अशी ती आहे, ४५ लिटरची. ती मी रतनगडलाही नेते आणि पन्हाळा ते पावनखिंडीलाही. बसणारी दुसरी शोधण्याची दगदग मी करणार नाही. म्हणून मी रानवाटच्या बाजूने, पण कारण वेगळं आहे.

आणि कातळकडा, सामान जास्त भरणाऱ्याला आवर घालायचं काम पिशवीवर का टाकायचं? ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी लीडरने यादी पाठवावी.

घाटमाथा

पावसाळ्याचा मुद्दा कुणीच नीट घेतला नाही.

जून ते सप्टेंबर दर शनिवार-रविवारी बाहेर पडणाऱ्याची सॅक वाळतच नाही. पाठीचा फोम पाणी पितो. वरून हात लावला तर कोरडा वाटतो आणि आत ओल असते. बुधवारपर्यंत वास, शुक्रवारी पुन्हा तीच पाठीवर. कोकणातल्या किंवा मुंबईच्या दमट घरात अशी सॅक कपाटात कोंबली की आतलं अस्तर चिकट होतं आणि पापुद्रे सुटायला लागतात. कापड शाबूत असतं, पाणी अडवणारा थर गेलेला असतो. महागाची सॅक अशी वाया घालवण्यापेक्षा पावसाळ्यासाठी एक साधी, बिनफोमची, पातळ सॅक ठेवावी. अर्ध्या दिवसात वाळते. त्यामुळे मी दोनच्या बाजूने, पण लहान-मोठी अशी वाटणी करत नाही. एक ओली, एक कोरडी.

रेनकव्हरवर कुणी विसंबू नका. घाटमाथ्यावर वाऱ्याने पाऊस आडवा येतो, पाठ आणि सॅक यांच्या फटीतून पाणी उतरतं आणि कव्हरच्या तळाशी साचून राहतं. धान्याच्या पोत्यात आतून घालतात ती जाड प्लास्टिकची पिशवी बाजारात मिळते. ती सॅकच्या आत घालून त्यात सामान भरा, तोंडाला पीळ देऊन दुमडा. सांधण दरीत पाण्यातून जावं लागलं तरी स्लीपिंग बॅग कोरडी राहते.

दूरदेशी

मी डेन्व्हरजवळ राहतो, त्यामुळे जरा वेगळा अनुभव. इथे परवाना काढून एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जाणारे माझे सहकारी आहेत. (आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. मी फक्त सॅकबद्दल लिहितोय.) सामान वाहायला मी त्यांच्यासोबत गेलो आहे.

या लोकांपुढे तुमचाच प्रश्न जास्त बिकट रूपात असतो. सकाळी तळावरून निघताना पाठीवर सहा-सात किलो: पाणी, दुर्बीण, गरम कपडे. जनावर मिळालं तर परतताना एकेका खेपेला पंचवीस-तीस किलो मांस. त्यांनी काढलेला तोडगा असा की फ्रेम एकच ठेवायची, पिशवी बदलायची. कमरपट्टा, खांद्याचे पट्टे आणि ताठ फ्रेम हा एक भाग. त्यावर दिवसाला लहान पिशवी, आठवड्याच्या मुक्कामाला मोठी. ओझं वाहायचं झालं की पिशवीच्या पट्ट्या सैल करून ती फ्रेमपासून दूर करतात, कापडी थैलीतलं मांस दोन्हींच्या मधे ठेवतात आणि पट्ट्या पुन्हा आवळतात. जड वस्तू मणक्याला चिकटून राहते.

आपल्याला यातलं शेवटचं घेता येईल. आपल्याकडे पाणी सर्वांत जड, आणि बहुतेक जण ते बाहेरच्या खिशांत किंवा अगदी तळाशी ठेवतात. मोठ्या बाटल्या आत, पाठीला लागून, खांद्यांच्या पात्यांच्या मधे ठेवून बघा. तेच बारा किलो हलकं वाटेल.

कातळकडा

दूरदेशी, माहिती छान आहे, पण तशी फ्रेम पिशवीसकट अडीच किलोच्या आसपास जाते ना? आणि तिचं बक्कल राजगडाच्या पायथ्याला तुटलं तर काय करायचं? आपल्याकडे सॅक अशी हवी की चेनचा रनर गेला, पट्ट्याची शिलाई उसवली तर गावातल्या बॅगवाल्याकडे किंवा चांभाराकडे दहा मिनिटांत दुरुस्त होईल. साधं तोंड, दोरी आवळून बंद होणारं, वर टोपण. चेन जितक्या कमी तितकं बरं. हे एक सॅकवाल्यांनाही लागू आणि दोनवाल्यांनाही.

जुनी पाऊलवाट

थोडं हिमालयाबद्दल लिहितो, कारण "एकच सॅक दोन्हीकडे चालते" हे रानवाट यांनी घाईत उरकलंय.

तिकडे दोन तऱ्हा असतात. यूथ हॉस्टेलच्या सार पास ट्रेकला तुमची सॅक तुम्हीच वाहता, पण तंबू आणि पांघरूण कँपवर मिळतं. तिथे ४५ लिटर पुरते, काहींना जास्तही होते. दुसरी तऱ्हा खेचरांची. मोठी सॅक सकाळी खेचरावर जाते ती थेट पुढच्या मुक्कामाला भेटते. दिवसभर तुमच्याजवळ पाणी, रेनकोट, गरम जाकीट, टोपी, औषधं हवीतच, कारण दुपारी हवा फिरते. ते कशात ठेवणार? हातात?

माझा उपाय सोपा आहे. घडी करून मुठीत मावणारी, १८-२० लिटरची, दोन-अडीचशे ग्रॅमची पातळ सॅक मोठीच्या तळाशी टाकून ठेवायची. शिखराच्या दिवशी तीच पाठीवर. तिला कमरपट्टा नाही, फ्रेम नाही, पण चार किलोला ते लागतही नाही. विमानाने जाताना केबिनमधली सात किलोची मर्यादाही तिच्यातच सांभाळता येते.

रानवाट

जुनी पाऊलवाट काका, तुमचं म्हणणं मी माझ्याच बाजूचं धरतो. ती घडीची पिशवी म्हणजे सॅकमधलं सामान झालं, दुसरी सॅक नव्हे.

घाटमाथा, प्लास्टिकच्या पिशवीबद्दल शंभर टक्के सहमत. फोम वाळायचा प्रश्न खरा आहे, पण आल्या रात्री सॅक पूर्ण रिकामी करून, सगळ्या पट्ट्या सैल सोडून पंख्याखाली उलटी टांगली तर दोन दिवसांत वाळते. लोक ती ओल्या मोज्यांसकट कोपऱ्यात ठेवतात आणि मग सॅकला नावं ठेवतात.

कातळकडा, मदनच्या टप्प्यावर भरलेली सॅक घालून चढायचंच कशाला? वर पोहोचलेल्याने दोर सोडावा आणि सॅका वेगळ्या ओढून घ्याव्यात. त्यासाठी सॅक घेताना मानेजवळचा उचलायचा बंद तपासा. तो नुसता वरच्या कापडाला शिवलेला असेल तर सोडून द्या. फ्रेमपर्यंत गेलेली दुहेरी-तिहेरी शिलाई हवी.

कातळकडा

आठ जणांच्या सॅका एकेक करून ओढायला किती वेळ जातो ते तुम्हालाही माहीत आहे. अलंगला उजेड असताना पोहोचायचं तर तो वेळ नसतो. लहान सॅक असलेले पाठीवर घेऊन चढतात, दोनच मोठ्या ओढाव्या लागतात. यात तडजोड होणार नाही माझ्याकडून.

पहिलाच पावसाळा

सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं, पण गोंधळ वाढला. उंची पाच फूट दोन इंच, पाठ मोजली तर ४१ सेंटिमीटर आली. बजेट चार हजार. या वर्षी एक दिवसाचे ट्रेक आणि दिवाळीनंतर एखादा मुक्कामाचा. आधी काय घेऊ?

कातळकडा

ताई, आधी २५-२८ ची घ्या. वर्षभर तीच वापराल. मुक्कामाला मोठी सॅक भाड्याने मिळते, पुण्या-मुंबईत सोय आहे.

रानवाट

भाड्याची सॅक पाठीला बसेलच असं नाही, आणि मुक्कामाच्या ट्रेकलाच ती बसणं सर्वांत गरजेचं. थोडे पैसे साठवा, दिवाळीपर्यंत थांबा आणि ४५ ची घ्या. तोवर कॉलेजची सॅक चालेल.

सोनकी

४१ म्हणजे जवळपास माझंच माप. पुण्यात असाल तर येत्या रविवारी सकाळी सिंहगडाला या, माझी सॅक घेऊन येते. बारा किलो भरून आतकरवाडीतून देवटाक्यापर्यंत चढून बघा, परत उतरताना दुसऱ्या कुणाची तरी लहान सॅक घ्या. खरेदी त्यानंतर करा. येताना पाण्याच्या मोठ्या बाटल्या आणा, वजनाला लागतील.