यंदा हार्वेस्ट कधी धरायचा? (मंडळीच्या ग्रुपवरून)

बेळगाव-खानापूर पट्ट्यातल्या आमच्या लहानशा मेथडिस्ट मंडळीच्या ग्रुपवर दसऱ्याच्या आसपास झालेलं हे बोलणं. हार्वेस्ट म्हणजे आमचा सुगीच्या आभाराचा सण: घरचं-रानातलं जे असेल ते चर्चला आणायचं, मग त्याचा लिलाव आणि जेवण. नावं काढलीत, नाती आणि हुद्दे ठेवलेत. 'आमेन', हात जोडलेली चित्रं आणि एका भाच्यानं टाकलेले क्रिकेटचे स्कोअर गाळलेत. बाकी जसंच्या तसं.

सेक्रेटरी काका: सर्वांना सलाम. हार्वेस्टची तारीख ग्रुपवर विचारून मग रविवारी जाहीर करायची असं कमिटीत ठरलंय. नेहमीप्रमाणे नोव्हेंबरचा पहिला रविवार धरू काय? हरकत असेल तर इथंच सांगा. नंतर चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून सांगू नका.

पेटीवाले मामा: पहिला रविवार म्हणजे १ तारीख ओ.

सेक्रेटरी काका: मग?

पेटीवाले मामा: मग काय, १ नोव्हेंबर. शहरात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडं मराठी लोकांच्या काळ्या दिनाची फेरी. शहरातली निम्मी मंडळी इथं पोचायची नाहीत, आणि पोचली तर संध्याकाळी घरी कशी जाणार? पेटी मांडीवर घेऊन गोगटे सर्कलला बसायची माझी तयारी नाही.

भाचा (तरुण संघ): ८ घ्या मग.

कॅम्पातली मावशी: ८ ला लक्ष्मीपूजन आहे रे राजा. आपल्या हार्वेस्टच्या जेवणाला अख्खी गल्ली येते. त्यांनी घरची पूजा टाकून यायचं काय? आणि त्या दिवशी माझ्याकडं करंज्यांची ताटं येतात. मी घर सोडणार नाही, आधीच सांगून ठेवते.

सेक्रेटरी काका: मग ऑक्टोबरचा शेवटचा? २५?

खानापूरचे अण्णा: सगळ्यांस्नी सलाम. मघापासून बघालोय, तारीख कॅलेंडरात शोधालाय तुम्ही. शिवारात कोण बघितलंय काय? आमची इंद्रायणी आत्ता कुठं पिवळी पडालीय. इंटाण भात तर हिरवंगार हाय, ते नोव्हेंबर सरता सरता. परवाच्या पावसानं खालचं वावर आडवं झालं. वरच्यात गवे शिरले, तुडवलं ते तुडवलंच. आता कापायचं, दोन दिवस ऊन द्यायचं, पेंढ्या बांधायच्या, गंजी घालायची, मग मळणी. मध्येच ढग आलं की ताटावरनं उठून पळायचं. अशात तुम्ही म्हणणार, अण्णा, वेदीपुढं लावायला पेंढी घेऊन या आणि नऊच्या घंटेला हजर राहा. आणतो की. हिरवी चालंल काय?

फाउंड्रीवाला दादा: मागच्या वर्षी विकतच आणलेली की ओ पेंढी.

सेक्रेटरी काका: तो विषय नको.

(विषय नको म्हटलं तरी खरं तेच होतं. गेल्या वर्षी वेदीपुढं शोभेला उभी केलेली पेंढी मंडळीतल्या कुणाच्याच रानातली नव्हती. ज्यांचं भात होतं, ते त्या सकाळी विळा घेऊन रानात होते. बाकावर बसून सुगीचे आभार मानणारे बहुतेक पगारदार.)

पाळकसाहेब: अण्णांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. बायबलातल्या लेवीय २३ मध्ये सणासाठी पन्नास दिवस मोजायला सांगितलेत, पण मोजायला सुरुवात पहिली पेंढी आणलेल्या दिवसापासून. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २६ मध्येही जमिनीचं पहिलं उत्पन्न टोपलीत घालून आणायचं आहे. पीक आधी, सण मागाहून.

पुण्यात शिकणारी पुतणी: पाळकसाहेब, बायबलमधलं ते बरोबर. पण आपण करतो तसली चर्चमधली हार्वेस्टची उपासना इंग्लंडातून आलीय. कॉर्नवॉलमध्ये मोर्वेनस्टो म्हणून गाव आहे, तिथले पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ च्या ऑक्टोबरात लोकांना आभाराच्या उपासनेला बोलावलं. मग ते सगळीकडं पसरलं. त्यांचं धान्य ऑक्टोबरच्या आधी घरात आलेलं असतं. आपलं भात तेव्हा शेतात उभं. मंगळूरकडचे कोकणी कॅथलिक तर ८ सप्टेंबरला, येशूच्या आईच्या, मारियेच्या जन्मदिवशी, नवी कणसं आशीर्वादित करतात. ज्याचं त्याचं पीक बघून आहे सगळं.

निवृत्त मास्तर: शाब्बास पोरी. लंडन मिशननं १८२० मध्ये बेळगावात काम सुरू केलं, १९०४ ला ते मेथडिस्ट मिशनकडं आलं. एवढ्या काळात किती साहेब आले आणि गेले. भात काही कुठल्या साहेबाच्या तारखेला पिकलं नाही.

आजीची नात: आजीनं हे लिहायला सांगितलंय. आमच्या लहानपणी ज्याची मळणी आधी त्याचे तांदूळ आधी यायचे, ज्याची मागं त्याचे मागं. चर्चच्या मागच्या खोलीत कणगी होती. सगळ्यांचं आलं की मग पाळक दिवस सांगायचे. पत्रिका छापून दिवस धरायला लागल्यापासून हे सुरू झालं, म्हणते.

पेटीवाले मामा: आजींना सलाम सांग. तब्येत?

आजीची नात: गुडघे सोडून सगळं छान.

निपाणीचे दाजी: आमच्याकडं भात कुठलं, ऊस आणि तंबाखू. तोडीची टोळी कधी उगवेल ते सांगता येत नाही आणि ती आली की फड सोडता येत नाही. मला धरून तारीख ठरवू नका. कमानीला ऊस किती पाहिजे तेवढं सांगा, दोन मोळ्या आदल्या दिवशी बसवर टाकतो.

संडे स्कूल टीचर: १५ नको हां. १४ ला बालदिन, मुलांचे कार्यक्रम आहेत. लगेच दुसऱ्या दिवशी पाठांतर जमणार नाही त्यांना.

सेक्रेटरी काका: २९ ला ॲडव्हेंट, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू. मग उरला २२.

पेटीवाले मामा: २२ म्हणजे नाताळच्या गाण्यांची तालीम आणि हार्वेस्ट एकाच आठवड्यात. मरतोय मी.

कॅम्पातली मावशी: दर वर्षी मरताय.

अण्णा: २२ ला इंद्रायणीची मळणी झालेली असंल, देवानं पाऊस आवरला तर. इंटाणाची एक पेंढी आधी कापून आणतो. २२ ला मी बाकावर बसतो, बास.

(पोल टाकला गेला. २२ ला भरभरून मतं पडली. २५ ऑक्टोबरला एक मत, ते कुणाचं हे सेक्रेटरी काका अजून शोधताहेत.)

दुबईचा पुतण्या: २२ पक्की ना? मी व्हिडिओवर असणार. लिलावात पेंढी माझी. पहिली बोली ५०००.

कॅम्पातली मावशी: अजून कापली नाही ती.

दुबईचा पुतण्या: म्हणूनच आधी सांगतोय मावशी. मागच्या वेळी नेटवर्क गेलं आणि पुण्याच्या दाजींनी केळीचा घड नेला.

महिला समाज सेक्रेटरी: लिलावाचं निघालंच आहे तर बोलते. मागच्या वर्षी तो घड दुबई आणि पुण्याच्या चढाओढीत साडेचार हजाराला गेला. टाळ्या झाल्या, फोटो झाले. त्याच्या मागोमाग टेबलावर आली डझनभर गावठी अंडी. कुणी आणली ते सगळ्यांना ठाऊक आहे, नाव घेत नाही. पितळी डब्यात भाताचं तूस, त्यात एकेक अंडं उभं रोवलेलं, वरून धुतलेला पांढरा रुमाल बांधलेला. तोवर मटणाचा वास यायला लागलेला आणि निम्मी मंडळी चपला शोधत होती. "चला अंडी, लवकर लवकर" म्हणत शंभराला सोडली. बाजारात गावठी अंड्यांना याहून जास्त मिळतात. नंतर ती डबा आणि रुमाल न्यायला माझ्याकडं आली. अंड्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही. या रविवारी मला विचारते, ताई, यंदा काही आणलं नाही तर चालेल काय?

(यावर बराच वेळ कुणी काही टाकलं नाही. एरवी 'दिलगीर आहोत'ची चित्रं टाकणारेसुद्धा गप्प.)

खजिनदार: ताईंचं खरं आहे. पण लिलाव बंद करा म्हणत असाल तर हिशेब बघा. अर्पणाच्या थैलीत येतं त्यातून लाइटबिल आणि पाळकसाहेबांच्या घराचं किरकोळ भागतं. पावसात पश्चिमेची कौलं सरकलीत, भिंतीला ओल आलीय. ते सगळं हार्वेस्टच्या पैशांवर आहे. आणि खरं सांगतो, त्यातलाही मोठा वाटा बाहेरगावच्या पोरांचा.

दुबईचा पुतण्या: थँक्यू काका.

निवृत्त मास्तर: लेवीय १९ उघडा. शेताच्या कडेकोपऱ्याचं कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला ठेवा, असं आहे. बायबलातल्या गरीब विधवा रूथनं बवाज या शेतमालकाच्या शेतात वेचलं ते याच रिवाजानं. बवाजानं मूठभर कणसं जास्त टाकायला लावली, बोली नाही लावायला लावली.

खजिनदार: मास्तर, बवाजाच्या शेताला कौलं नव्हती.

(इथं हसण्याची चित्रं पडली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. माझं मत विचाराल तर खजिनदार आणि मास्तर दोघंही बरोबर होते. पण लिलाव देवासाठी आहे की फोटोसाठी, हे विचारायला ती अंडी लागावीत, हे काही बरं नाही.)

पुण्यात शिकणारी पुतणी: दोन टेबलं मांडूया की. एका टेबलावर घरचं सगळं: अंडी, रताळी, भाजी, मसूर, लोणची, लाडू. आणणाऱ्यानं स्वतः भाव लिहायचा, बाजारभावाच्या खाली नाही. उपासनेआधी आणि नंतर सरळ विक्री. दुसऱ्या टेबलावर लिलावाचा माल: घड, कोंबडा, केक, ऊस. ज्यांना चढाओढ करायची त्यांनी तिथं करावी.

महिला समाज सेक्रेटरी: आणि घरच्या टेबलाची विक्री पूर्ण झाल्याशिवाय लिलाव सुरू करायचा नाही.

फाउंड्रीवाला दादा: आणि मटणाचं झाकण लिलाव संपेपर्यंत उघडायचं नाही.

पेटीवाले मामा: हे अवघड आहे.

आजीची नात: आजी विचारते, पेंढी कुठल्या टेबलावर?

पाळकसाहेब: कुठल्याच नाही. पेंढी वेदीपुढं राहील. नंतर झोडून जे तांदूळ निघतील ते नाताळच्या जेवणात घालू. मूठभर का असेनात.

दुबईचा पुतण्या: म्हणजे आम्ही पैसे पण द्यायचे नाहीत?

अण्णा: दे की. कौलांना दे, पैशाला कोण नको म्हणालंय. पेंढी तेवढी मागू नको. पाहिजेच असली तर आदल्या दिवशी ये. विळा देतो, इंटाण उभं हाय, काप आणि घेऊन ये.

दुबईचा पुतण्या: अण्णा, विळा धरून लई वर्षं झाली ओ.

अण्णा: धार मी लावून ठेवतो.

संडे स्कूल टीचर: मुलं विचारताहेत, ३१ ऑक्टोबरला हॅलोविनचा भोपळा कोरायचा काय? इन्स्टावर बघितलंय त्यांनी.

कॅम्पातली मावशी: भोपळा माझ्याकडं द्या. घारगे करते. कोरून काय करायचंय.

निवृत्त मास्तर: ३१ ला धर्मसुधारणेचा दिवस. १५१७ ला विटेनबर्गात मार्टिन लूथरनं चर्चच्या सुधारणेला सुरुवात केली. मुलांना ते सांगा. भोपळ्याचं नंतर बघू.

संडे स्कूल टीचर: सांगते मास्तर. पण भोपळ्याला लूथरपेक्षा मतं जास्त आहेत.

सेक्रेटरी काका: ३१ शनिवार आहे. सकाळी सात वाजता कबरस्तानाची सफाई. पावसाळ्यानंतर गवत कमरेपर्यंत आलंय, मागच्या बाजूच्या कबरी दिसत पण नाहीत. विळे, खुरपी घेऊन या, पायात बूट घाला, साप-किरडू असतात. चुना मी आणतो. ज्यांना फुलं ठेवायची त्यांनी झेंडू-शेवंती आदल्या दिवशीच घ्या, दिवाळी जवळ आली की भाव चढतात.

भाचा (तरुण संघ): तरुण संघ येणार. पहिल्या पाळीला असलेले सोडून.

पेटीवाले मामा: २२ च्या गाण्यांचं ऐकून घ्या. नारायण वामन टिळकांचं एक भजन पेटी-मृदंगावर, त्याशिवाय हार्वेस्ट नाही. एक गाणं कन्नडमध्ये, हुबळीच्या सूनबाई सांगतील. बाकी कराओकेवाल्यांनी पाच मिनिटांत आवरायचं.

हुबळीच्या सूनबाई: हो मामा. पण वाचन पण दोन्ही भाषेत ठेवा की. माझ्या आई-बाबांना बोलावलंय.

पाळकसाहेब: ठेवू. अनुवाद २६ मराठीत मास्तर वाचतील, कन्नडमध्ये तुम्हीच वाचा.

महिला समाज सेक्रेटरी: मी त्या ताईंना सांगून आले, टेबल वेगळं आहे, भाव तुम्हीच लिहायचा. म्हणाल्या, कोंबडी सध्या बसलीय, अंडी नाहीत. रताळी आणते म्हणाल्या.

अण्णा: रताळी नवरात्रातच निघाली की सगळी.

महिला समाज सेक्रेटरी: मागं ठेवलीत त्यांनी. राखेत घालून.

खजिनदार: वजनकाटा कुणाकडं आहे? घरच्या टेबलाला लागेल. मागच्या खेपेचा काटा दर किलोला पन्नास ग्रॅम खात होता.

फाउंड्रीवाला दादा: मी आणतो. आमच्याकडं तपासून शिक्का मारलेला आहे.

सेक्रेटरी काका: झालं तर मग. २२ नोव्हेंबर, सकाळी साडेनऊ, दोन टेबलं, पेंढी अण्णांची. जेवणाचा विषय उद्या. आज आता कुणी काही टाकू नका, मला झोपायचंय.

पेटीवाले मामा: मटण किती धरायचं तेवढं सांगा फक्त. हाडासकट की बिनहाडाचं?

कॅम्पातली मावशी: हाडासकट.

फाउंड्रीवाला दादा: हाडासकट.

निपाणीचे दाजी: टोळी आली नाही तर मी पण येतो. हाडासकट.