आपत्कालीन विभागात प्रतिजैविकाचा दुसरा डोस का लांबतो?

प्रश्न : सेप्सिसच्या (संसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊ लागण्याच्या जीवघेण्या अवस्थेच्या) रुग्णाला प्रतिजैविकाचा पहिला डोस वेळेवर मिळतो, परंतु वॉर्डात खाट मिळेपर्यंत तो आपत्कालीन विभागातच थांबला की दुसरा डोस अनेकदा लांबतो. संगणकीय सूचनेने हे टळेल का?

उत्तर १ : टळू शकेल, पण आधी मूळ कारण पाहावे. पहिला डोस बहुधा ‘एकदाच द्यावयाचा’ म्हणून नोंदवला जातो. त्यामुळे पुढील वेळ प्रणालीत उमटतच नाही आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसारखे, दर ६ ते ८ तासांनी द्यावयाचे औषध रुग्ण समोर असूनही राहून जाते. सूचना परिचारिकेला वेळेआधी मिळावी, उशीर झाल्यावर नव्हे.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र तापाच्या प्रत्येक रुग्णासाठी संगणकाचा पडदा अडवणारी सूचना नको, कारण अशा सूचना न वाचताच बंद केल्या जातात आणि मग खरी निकडही नजरेतून सुटते. २०२१ च्या ‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रतिजैविक सुरू करण्यासाठी शॉक (रक्तदाब धोकादायकरीत्या घसरणे) असल्यास १ तासाची, तर शॉक नसून सेप्सिसची केवळ शक्यता असल्यास, तातडीच्या तपासणीनंतरही शंका उरली तर, ३ तासांची मर्यादा सुचवली आहे. सूचनेतही हा भेद हवाच.

प्रश्नकर्ता : मूत्रपिंडाचे कार्य मंदावलेल्या रुग्णांचे काय?

उत्तर १ : पहिला डोस सहसा पूर्ण द्यावा, पुढील डोसांचे प्रमाण व अंतर क्लिनिकल फार्मासिस्टने (रुग्णांच्या औषधयोजनेवर लक्ष ठेवणाऱ्या औषधतज्ज्ञाने) तपासावे आणि सूचनेची वेळ त्यानुसार बदलावी.