पोर्शे ९३० टर्बो नॉर्डश्लाइफेवर: वळणात मागची बाजू का सुटते?

मुपो_श्टुटगार्ट:
नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची पोर्शे ९३०, ३.३ लिटर, चार गियर, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) मूळचाच ०.८ बार. जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग रेसट्रॅकच्या नॉर्डश्लाइफेवर सार्वजनिक फेऱ्यांना न्यायची आहे. तीन अडचणी आहेत. वेर्झाइफेनसारख्या संथ वळणातून निघताना आधी काहीच जोर लागत नाही आणि मग सगळा एकदम येतो. लांब वळणात ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू बाहेर सरकते. आणि ब्राइटशाइडच्या उतारापर्यंत ब्रेकचं पेडल खोल जायला लागतं. बूस्ट वाढवून आणि मागचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) जाड करून यातलं काही सुटेल का?

चौथा_गियर:
बूस्ट वाढवू नका. वाढवलेला बूस्ट लवकर येत नाही, येतो तेव्हा धक्का मात्र मोठा देतो. शिवाय के-जेट्रॉनिकचं, म्हणजे इंजेक्शन यंत्रणेचं, पेट्रोल त्या प्रमाणात वाढवून घेतलं नाही, तर मिश्रण पातळ होतं, इंजिन नॉक करतं (मिश्रण अवेळी पेटतं) आणि पिस्टन जातो.

पहिली अडचण गियरची आहे. या गाडीचा दुसरा गियर ताशी १४० च्या आसपास संपतो. म्हणजे वेर्झाइफेनमध्ये ६० च्या वेगाला इंजिन जेमतेम २८००–२९०० आरपीएमवर असतं, आणि खरा बूस्ट ३५०० च्या पुढे. त्यात कॉम्प्रेशन कमी, ७:१, म्हणून बूस्टशिवाय इंजिन मलूलच वाटणार. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. वळणाच्या आतल्या टोकाला पोहोचल्यावर पाय दाबलात आणि टर्बोला फिरायला एक सेकंद लागला, तर जोर येतो तो बाहेर पडताना, स्टिअरिंग अजून वळलेलं असताना. मागचे टायर तिथेच सुटतात.

म्हणून ब्रेक सरळ रेषेत पूर्ण करा, हवा त्यापेक्षा थोडं हळू आत शिरा, आणि आतल्या टोकाच्या १५–२० मीटर आधीच पाव ॲक्सिलरेटर द्या. तो हळूहळू वाढवत न्या. बूस्ट येईपर्यंत स्टिअरिंग बरंचसं उलगडलेलं असलं पाहिजे. पहिल्या गियरचा मोह नको, तो वळणातून निघता निघताच संपतो आणि नेमक्या नको त्या जागी गियर बदलावा लागतो.

सगळ्यात जास्त लक्ष बर्गवेर्कच्या वळणाला द्या. त्याच्यापुढे केसेलखेनची लांबच लांब चढण आहे. तिथे बूस्टशिवाय बाहेर पडलात तर ती कसर चढण संपेपर्यंत भरून निघत नाही.

ट्रान्सॲक्सल:
मागचा बार जाड केल्याने पोर्शेचीच ९४४ टर्बो छान वळते. नाक बाहेर ढकललं जाणं कमी होतं. ९३० वर करून बघायला हरकत नसावी.

टॉर्शन_बार:
हरकत आहे. ९४४ चं इंजिन पुढे आणि गियरबॉक्स मागे, म्हणून वजन जवळपास निम्मं-निम्मं. ९३० चं इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे लटकतं. तिथे मागचा बार जाड केला की मागची पकड आणखी घटते, म्हणजे तक्रार आहे तीच वाढते. बदलायचाच असेल तर पुढचा जाड करा.

पाय उचलल्यावर काय होतं ते बघा. वजन पुढे जातं, मागचे टायर हलके होतात, आणि त्याच वेळी इंजिन मागच्या चाकांना ब्रेक लावतं. मागची चाकं धरणारे सेमी-ट्रेलिंग आर्म जुन्या रबरी बुशांवर (सांध्यातल्या रबरांवर) असतील तर चाकं थोडी टो-आउटकडेही सरकतात, म्हणजे त्यांची पुढची कड बाहेर वळते. त्यामुळे आधी बुश बदला आणि मगच अलाइनमेंट (चाकांचे कोन) करा. सैल बुशांवर केलेली अलाइनमेंट दोन फेऱ्यांत वाया जाते. सुरुवातीला मागे कँबर (चाकाचा उभा कल) उणे १.५ ते २ अंश आणि प्रत्येक चाकाला १०–१५ मिनिटं (अंशाचे साठावे भाग) टो-इन, म्हणजे पुढची कड आत, पुढे कँबर उणे १ अंश आणि टो शून्य, एवढं ठेवा.

सवयीचं म्हणाल तर श्वेडनक्रॉइत्सला चढावाच्या माथ्याआधीच वेग कमी करा, मग पाय स्थिर धरून वळण पार करा, गाडी सरळ झाली की पुढच्या आरेमबर्ग वळणासाठी ब्रेक. फुक्सरोरच्या तळाशी गाडी दबते, तिथे ब्रेक नको आणि पाय उचलणंही नको. पुढच्या चढावर ब्रेक लावायला जागा मिळते. या गाडीत वळणाच्या मध्ये विचार बदलायची सोय नाही.

लाल_कॅलिपर:
पेडल खोल जातंय म्हणजे ब्रेक फ्लुइड उकळतंय. पेडल कडक राहून गाडी थांबत नसती तर दोष पॅडचा. ३.३ चे चार पिस्टनचे कॅलिपर आणि छिद्रांच्या डिस्क चांगल्या आहेत, त्या बदलायची गरज नाही. कोरडा उत्कलनांक ३०० अंशांच्या वर असलेलं डॉट ४ घाला, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढा, ब्रेकचे होज (रबरी नळ्या) जुने असतील तर तेही बदला. काल्लेनहार्डपासून ब्राइटशाइडपर्यंत सगळा उतार आहे, तिथे पाय पेडलवर टेकवून ठेवू नका. जोरात आणि थोडा वेळ दाबा, मग पूर्ण सोडा. गाडीला एबीएस नाही, चाक लॉक झालं तर लगेच दाब कमी करायचा.

सलग दुसरी फेरी मारू नका. डॉटिंगर होहेच्या शेवटच्या सरळ रस्त्यावर बाहेर पडायच्या आधीच वेग कमी करा, आणि थांबल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवा. या टर्बोला फक्त ऑइलचं कूलिंग आहे, तापलेला बंद केला की बेअरिंगमध्ये ऑइल जळून बसतं. ऑइलची पातळीही इंजिन गरम आणि चालू असताना, सपाट जागेवर बघा. ड्राय संप आहे, म्हणजे ऑइल वेगळ्या टाकीत असतं, थंड इंजिनवरचा आकडा चुकतो.

मुपो_श्टुटगार्ट:
आभार. बूस्ट आणि मागचा बार दोन्ही रद्द. टायरमध्ये हवा किती? मूळ पुस्तिकेत मागे ३ बार आहे.

टॉर्शन_बार:
तो आकडा ऑटोबानच्या वेगासाठी. इथे थंड असताना पुढे १.८, मागे २.१ ने सुरू करा, फेरी संपताच मोजा. गरम झाल्यावर पुढे २.२, मागे २.५ च्या वर गेलं तर हवा सोडा, आणि घरी निघण्याआधी पुन्हा भरा. टायरच्या बाजूवर चार अंकी कोड असतो, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांच्या वरचं रबर असेल तर वरची सगळी आकडेमोड बाजूला ठेवून आधी टायर घ्या.